छगनलालचा दुखवटा

भैरू घुलेनं चाकणच्या ट्रान्सपोर्टमधली नोकरी सोडली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या बायकोनं, शालननं, चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मग कधी निघायचं?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? महेश्वरला. छगनलालभाऊंकडं. रिटायर झालो की नेतो म्हणलावता न्हवं?"

भैरूला ठसका लागला. शालननं पाठीवर थापट्या मारल्या, पण हा ठसका थापट्यांनी जाणारा नव्हता. महेश्वरला नर्मदेच्या घाटावर पिंपळाखाली चहाची टपरी असलेला, एका पायानं अधू, तोंडानं गोड असा छगनलाल नावाचा माणूस या पृथ्वीवर कधी जन्मालाच आलेला नव्हता. त्याला भैरूनं फोनवर जन्माला घातलं होतं.

भैरू चोवीस वर्षं ट्रेलर चालवत होता. चाकणला तयार झालेल्या नव्याकोऱ्या मोटारी पोटात भरून इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीपर्यंत पोचवायच्या आणि रिकामं परत यायचं, हे त्याचं काम. एवढी लांबलचक गाडी गावात कोण घुसू देतो? डोंगर, नद्या, किल्ले, जुनी शहरं असा अर्धा देश त्यानं ओलांडला, पण ट्रेलरवाल्याला शहर म्हणजे बायपास, टोलनाका, पंक्चरवाला आणि ढाबा. नर्मदा त्यानं हजारदा तरी पार केली असेल, पण तिच्या पाण्यात त्यानं पायाचा अंगठाही बुडवला नव्हता.

इकडे निगडीला यमुनानगरात शालन कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या चाळीस पोरांचे डबे करायची. फर्स्ट शिफ्टचे डबे पहाटे, सेकंड शिफ्टचे दुपारी. पोरांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी, त्यामुळे तिला एकही वार सुट्टीचा नव्हता. मंगळवेढ्याकडून लग्न होऊन आलेली ही बाई आळंदीच्या पुढे कधी गेली नाही. संध्याकाळी हात मोकळे झाले की भैरूचा फोन यायचा, आधी एसटीडी बूथवरून आणि मग मोबाइलवरून.

सुरुवातीला भैरू खरं बोलायचा. "ढाब्यावर हाय. डाळ खाल्ली. मागचं टायर तापलंय." शालन "बरं" म्हणायची. त्यावर दोघांनाही काही सुचायचं नाही. एके दिवशी ढाब्याच्या भिंतीवर महेश्वरच्या घाटाचं कॅलेंडर होतं. त्याच्याकडे बघत भैरू सहज बोलून गेला, "आज नर्मदेच्या घाटावर बसलोय."

"खरं? कसं हाय हो?" शालननं विचारलं. त्या "कसं हाय हो"मध्ये असा काही जीव होता की लग्नातल्या पोरीचा आवाज भैरूला पुन्हा ऐकू आला. बिचाऱ्याला मग थांबताच येईना. कॅलेंडर दर महिन्याला उलटायचं आणि भैरू दर महिन्याला नव्या गावात पोचायचा. पण महेश्वर सुटलं नाही. तिथं पिंपळ उगवला, पिंपळाखाली छगनलाल आला, छगनलाल पैसे न घेता आल्याचा चहा पाजायला लागला. त्याला दोन मुली झाल्या आणि भैरूनं यथावकाश त्या दोघींची लग्नंही लावून दिली. धाकटीच्या पाठवणीला शालन निगडीत बसून रडली होती. दर दिवाळीला ती छगनलालसाठी वेगळे लाडू बांधून द्यायची. ते ढाब्यावरचे ड्रायव्हर खायचे आणि चांगले झालेत म्हणायचे.

शालनचं उभ्या आयुष्यातलं फिरणं ते एवढंच होतं. ते खोटं निघालं, तर तिच्या हाती चाळीस डबे उरणार होते, दुसरं काही नाही. हे भैरूला कळत होतं, म्हणून तर त्याला घाम फुटला.

तरी तो रेटून नेत राहिला असता. आज गुडघा, उद्या ऊन, परवा आणखी काही. पण समोरच्या फ्लॅटमध्ये विजयश्री मॅडम राहत होत्या. पालिकेच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी नकाशावर काठी टेकवून भूगोल शिकवला होता. विमानानं जाऊन तीन दिवसांत सात स्थळं उरकणं हा प्रवासच नव्हे, डोंगर-नद्या-जुनी गावं बघत रस्त्यानं हळूहळू जावं, असं त्यांनी नुकतंच कुठंतरी वाचलं होतं. शालनकडून छगनलाल त्यांना तोंडपाठ होताच. त्यांनी बिल्डिंगमधली दहा माणसं गोळा केली, मिनीबस ठरवली आणि भैरूच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भैरूभाऊ, आमचे गाइड तुम्ही."

"मॅडम, आता गाडी चालवायला डोळे साथ देत न्हाईत."

"चालवायला विक्की आहे. तुम्ही फक्त पुढं बसून सांगायचं."

"लई लांबचा पल्ला हाय, मॅडम. दमताल."

"दमायचं नाहीच. रमतगमत जायचंय."

"आन खरं सांगू का, मला आता इतकं आठवतबी न्हाई."

"मला आठवतंय की समदं," शालन स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमी विसरला तर मी सांगंन."

तिनं पोरांना चक्क आठ दिवस डबे बंद असल्याचं सांगितलं होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. आता भैरूला तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

निघताना राजगुरुनगरपर्यंत तर गाइडचा थाट उतू चालला होता. कुठला स्पीडब्रेकर कधी येणार, कुठल्या वळणावर सकाळी ट्रॅफिक तुंबतं, कुठल्या पंपावर हवा नीट भरतात, हे भैरू डोळे मिटून सांगत होता. विक्की खूश होता, बाकीची मंडळी जांभया देत होती. चांदवडला मात्र मॅडमनी वही काढली.

"इथला रंगमहाल आतून कसा आहे, भैरूभाऊ?"

"मोठा हाय," भैरू म्हणाला. "पण आज बंद असंल. डागडुजी चाललीय."

डागडुजी काही चाललेली नव्हती. पण गाइडच म्हणतोय म्हटल्यावर बस पुढे गेली आणि बारा माणसांचा रंगमहाल हुकला. धुळ्याला त्यानं डागडुजी काढली नाही, पण बायपास घेतला. तापीच्या पुलावर मात्र त्यानं विक्कीला गाडी हळू घ्यायला लावली आणि बिजासन घाट लागल्यावर तर त्याला राहवेना. भरलेला ट्रेलर हा घाट माणसाच्या चालीनं चढतो. इथली झाडं त्याला एकेक करून ओळखीची होती. "ह्या सागाच्या बुडाशी पावसाळ्यात पाणी फुटतं. त्या वळणावर एक म्हातारी सीताफळं घिऊन बसती. दिवाळीनंतर ह्यो समदा डोंगर तांबडा हुतो."

हे सगळं शंभर टक्के खरं होतं. पण ऐकायला कुणी जागं नव्हतं, आणि शालनला यातलं काही त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

महेश्वर आलं. घाट कॅलेंडरातल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. किल्ल्याची भिंत, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या आणि पुढे शांत वाहणारी नर्मदा बघून भैरू जागीच उभा राहिला. पहिल्यांदाच बघत होता, पण तसं तोंडावर दिसू देण्याची सोय नव्हती. शालन मात्र झपाझपा पायऱ्या उतरली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"अवो, पिंपळ कुठंय?"

भैरूनंही शोधल्यासारखं केलं. "पुरात गेला वाटतं."

"आन टपरी?"

"टपरीबी गेली."

"मग छगनलालभाऊ कुठं बसतात आता?"

मॅडम वही उघडून शेजारीच उभ्या होत्या. मागं दहा माणसं फुकटच्या आल्याच्या चहासाठी ताटकळली होती. भैरूनं नदीकडे बघितलं आणि चोवीस वर्षं सांभाळलेल्या जिवाभावाच्या मित्राला एका दमात मारून टाकलं. "छगनलालबी गेला, शालन. सहा महिनं झालं. तुला कसं सांगू, म्हणून बोललो न्हाई."

मेलेल्या माणसाला कुणी शोधत बसत नाही, असा त्याचा हिशेब. हा हिशेब तो बहुधा परमुलखात शिकला असावा. आपल्याकडे जित्या माणसाला कुणी विचारत नाही, पण मेलेल्याच्या दारी सगळं गाव जातं. शालन पायरीवर बसली, डोळ्याला पदर लावला आणि काही वेळानं उठून म्हणाली, "त्यांच्या बायकोला भेटल्याबिगर मी हितनं हलायची न्हाई."

"अगं, सहा महिनं झालं."

"मग सहा महिनं आपुन गेलो न्हाई, ही आणिक शरमंची गोष्ट झाली. चोवीस वरसं त्या माणसानं तुमाला फुकट चहा पाजला. दुखवट्याचं लुगडं न्यायला पायजे. त्या बाईला माहेर हाय का न्हाई कुणाला ठावं. मीच भैण म्हणून नेते."

घाटाच्या वरच्याच बाजाराच्या रस्त्यावर महेश्वरी साड्यांची दुकानं. शालननं फिकट रंगाचं लुगडं निवडलं. फोटो काढायला आलेल्या मंडळींनी मोबाइल खिशात घातले आणि चेहरे पाडले. मॅडमनी सगळ्यांना ओळीत घेतलं. "जोरात बोलू नका. चहा दिला तर नको म्हणा. आणि भैरूभाऊ, तुम्ही पुढं व्हा, तुम्हाला घर ठाऊक असेल."

"घर न्हाई ठावं. टपरीवरच भेट व्हायची."

"मग विचारू."

विचारू नका, असं म्हणायला भैरूचं तोंड उघडलं, पण तोवर मॅडमनी पानवाल्याला गाठलं होतं. एवढ्या जुन्या गावात एकही छगनलाल नसावा, असं भैरूचं नशीब कुठलं? पानवाल्यानं गल्ली दाखवली, गल्लीतल्या बाईनं दार दाखवलं. एक वयस्कर बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. शालननं त्यांना बघितलं, धावत जाऊन मिठी मारली आणि हंबरडा फोडला. बिल्डिंगमधल्या चार बायका मागोमाग ओसरीवर बसून रडायला लागल्या. त्या बाईंना मराठी येत नव्हतं. पण परगावच्या एवढ्या बायका आपल्या ओसरीवर येऊन रडताहेत म्हटल्यावर आपलं कुणीतरी नक्की गेलं असणार, असं धरून त्याही ताट बाजूला सारून रडायला लागल्या.

तेवढ्यात आतून डोकं पुसत एक धडधाकट गृहस्थ बाहेर आले. "क्या हुआ? कौन गया?"

"आप कौन?" मॅडमनी विचारलं.

"मैं छगनलाल. ये मेरा घर है."

ओसरीवरचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. शालननं डोळे पुसून त्या गृहस्थांच्या दोन्ही पायांकडे निरखून बघितलं. दोन्ही पाय चांगले होते. मग तिचा चेहरा उजळला. "अवो, जित्तं हायत की हे. तुमाला कुणीतरी खोटंच सांगितलं. पायबी बरा झालाय."

तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद भैरूला बघवेना. इतका वेळ त्याला पकडलं जाण्याची भीती होती. आता त्याला नुसती लाज वाटली. छगनलाल म्हणत होते, की मी पोस्टात होतो, चहाची टपरी मी कधी काढली नाही, या साहेबांना मी ओळखत नाही. भैरूनं टोपी काढून हातात घेतली.

"शालन, ते न्हवं हे. ते कुणीच न्हवतं. मी ह्या गावात आज पयल्यांदा आलोय. चोवीस वरसं मी ढाब्यावरनं बोलत हुतो तुझ्याशी."

शालननं काखेतलं लुगडं हातात घेतलं.

"आन लाडू?" तिनं विचारलं.

"ड्रायव्हर लोकांनी खाल्लं."

बस्स, एवढंच. मग ती वळली आणि हातातल्या लुगड्याकडे बघत उभी राहिली. दुखवट्याचं म्हणून घेतलेलं लुगडं नवरा समोर उभा असलेल्या बाईला द्यायचं कसं, आणि देणार म्हणून आणलेलं परत न्यायचं कसं? तिनं खुणेनं कुंकवाचा करंडा मागितला, त्या बाईंना कुंकू लावलं, लुगड्याच्या काठालाही बोटभर लावलं, त्यांच्याच ताटातले ओंजळभर तांदूळ घेतले आणि त्यांची ओटी भरली. बाईंनी वाकून नमस्कार केला. शालन बसमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर खिडकीशी बसली.

परतीच्या वाटेवर ती भैरूशी एक शब्द बोलली नाही. बाकीची मंडळी मात्र त्याला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात बोलत होती. "मी तीस वर्षं नुसत्या नकाशावर शिकवलं," मॅडम म्हणाल्या, "पण मी तिथं गेले होते असं कधी म्हटलं नाही." रंगमहालाची डागडुजी खरी होती का, अशीही कुणीतरी शंका काढली.

खलघाटचा पूल आला. खाली नर्मदा तशीच वाहत होती. इथं गाडी उभी करून, रिक्षा धरून महेश्वरला जाता आलं असतं, हे भैरूला आज नकाशा न बघताही कळत होतं. इंदूरला गाड्या उतरवायला कधी कधी दोन दोन दिवस लागायचे. ते दिवस त्यानं केबिनमध्ये झोपून काढले होते. त्याला कुणी अडवलं नव्हतं. घरी आल्यावर शालनला घेऊन कुठं जायलाही कुणी अडवलं नव्हतं. तिथंही तो झोपायचाच. ती जेवायला उठवायची, तेवढ्यापुरता उठायचा. चोवीस वर्षं गेली आणि आपण ना तिथं होतो ना इथं, असं वाटून त्याला रडू आलं. पुढच्या सीटवर बसल्याचा एवढाच फायदा, की ते कुणाला दिसलं नाही.

घाट उतरून शिरपूरच्या अलीकडे आल्यावर विक्कीनं भुकेपुढे हात टेकले आणि पहिला दिसला त्या ढाब्यावर गाडी वळवली. "हितं नको, विक्की," भैरू म्हणाला, पण गाडी थांबलीही होती. गल्ल्यावरचा पांढऱ्या दाढीचा माणूस हात पसरून बाहेर आला. तो ढाब्याचा मालक रहिमान. भैरूचे चोवीस वर्षांतले बहुतेक फोन याच्याच कॅलेंडरच्या भिंतीजवळून झाले होते.

"भैरूभाई. बिना ट्रेलरचे पहिल्यांदा बघतोय तुम्हाला." मग त्याचं लक्ष शालनकडे गेलं. "आणि ह्या भाभी ना? बसा भाभी, बसा. तुम्हाला कधी पाहिलं नाही, पण तुमचं सगळं मालूम आहे आम्हाला."

रोट्या आल्या, डाळ आली. मंडळी मुकाट्यानं जेवायला लागली. रहिमान मात्र खाटेशी उभा राहून शालनशीच बोलत होता.

"मी सगळ्या ड्रायव्हर लोकांना सांगतो, भाभी, की बघा, घर कसं करावं ते भैरूभाईकडून शिका. तुम्ही घरी जाऊन पडून राहता. हा माणूस घरी गेला की दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन बाहेर. आज भीमाशंकर, उद्या लोणावळा. राजगुरुनगरला नदीत पाय सोडून तुम्ही दोघांनी कांदाभजी खाल्ली, ते तर ह्यांनी इतकं सांगितलं की आमच्या सगळ्या पोरांना पाठ झालंय."

शालनचा घास हातातच राहिला. भैरूनं मान इतकी खाली घातली की कपाळ ताटाला लागायचं बाकी राहिलं. घरी वाटेचं खोटं आणि वाटेवर घरचं खोटं. आता लपवायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.

"आणि शिवनेरीचं सांगू का?" रहिमान मंडळींकडे वळला. "उतरताना भाभीचा उजवा पाय मुरगळला. तर ह्यांनी पाठीवर घेऊन सगळ्या पायऱ्या उतरून आणलं. बोला, कोण करतं आजकाल?"

विजयश्री मॅडमनी चष्मा सारखा केला. "पण शालनबाई, तुम्ही तर आळंदीच्या पुढं कधी—"

"उजवा न्हवं, भाऊ," शालन मध्येच म्हणाली. "डावा. आन पाठीवर न्हाई, खांद्यावर हात टाकून आणलं. माझं वजन काय ह्यांना पेलतंय व्हय?"

रहिमान हसला. मॅडमनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. भैरूनं मान वर केली, पण शालन त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं ताट बाजूला सारलं, खाटेवर पाय वर घेऊन नीट बसली आणि रहिमानला विचारलं, "आन अजून कुठं कुठं गेलतो आमी?"